दोन पिस्टन, एक क्रँक आणि तोलाचा हिशेब

वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक जुनी जपानी मोटारसायकल जतन करून ठेवलेली आहे. ती १९६६ सालची, होंडा कंपनीची, 'सीबी ७७' किंवा 'सुपर हॉक' या नावाने विकली गेलेली गाडी आहे. १९६८ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट पिर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून याच गाडीवरून मिनेसोटापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेले. त्या प्रवासावर त्यांनी लिहिलेले 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स' हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. पिर्सिग हे काही काळ महाविद्यालयात लेखनकला शिकवणारे अध्यापक होते, आणि त्याआधी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. त्यामुळे त्या पुस्तकाची चर्चा बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने होते.

आम्ही येथे पुस्तक बाजूला ठेवून त्या गाडीकडेच पाहणार आहोत. तिच्या इंजिनात दोन सिलिंडर शेजारीशेजारी उभे आहेत. दोन पिस्टन एकाच क्रँकशाफ्टला जोडलेले आहेत. हे दोन पिस्टन एकदम वर जावेत आणि एकदम खाली यावेत, की एक वर जाताना दुसऱ्याने खाली यावे? प्रश्न साधा वाटतो. पण याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देत मोटारसायकलच्या रचनाकारांनी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ घालवला आहे. त्यामागचे विज्ञान मात्र नववी-दहावीच्या पुस्तकांतलेच आहे: न्यूटनचे नियम, पायथागोरसचे प्रमेय आणि थोडा गुणाकार-भागाकार.

आधी गाडीची ओळख

होंडा कंपनीची स्थापना १९४८ सालची. १९५९ मध्ये ती प्रथमच आयल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत उतरली आणि १९६१ मध्ये तेथे १२५ आणि २५० घनसेंमी या दोन्ही गटांत विजयी झाली. त्याच सुमारास शर्यतीतल्या अनुभवावर बेतलेल्या दोन रस्त्यावरच्या गाड्या तिने बाजारात आणल्या: १९६० साली २५० घनसेंमीची सीबी ७२ आणि १९६१ साली तिची थोरली बहीण सीबी ७७.

सीबी ७७ च्या सिलिंडरचा व्यास ६० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर. विद्यार्थ्यांना वृत्तचितीचे घनफळ काढायला सांगावे. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे १५२.७ घनसेंमी येते, दोहोंचे मिळून ३०५ घनसेंमी. एवढ्याशा इंजिनातून मिनिटाला ९००० फेऱ्यांवर सुमारे २८ अश्वशक्ती मिळत असे. त्या काळच्या ब्रिटिश दोन-सिलिंडर गाड्या आकाराने दुप्पट असत, पण त्यांची इंजिने साधारणपणे मिनिटाला साडेसहा-सात हजार फेऱ्यांपलीकडे नेणे इष्ट नसे. लहान इंजिनाने मोठ्याची बरोबरी करायची तर दर मिनिटाला अधिक वेळा श्वास घ्यायला हवा, म्हणजेच अधिक वेगाने फिरायला हवे. येथेच आपला प्रश्न उभा राहतो.

एक सावधगिरी. दोन सायलेन्सर दिसले की दोन सिलिंडर, असे समजू नये. आपल्याकडे म्हैसूरला तयार झालेल्या जावा आणि येझदी या २५० घनसेंमीच्या गाड्यांना दोन सायलेन्सर असत, पण सिलिंडर एकच होता. आपल्या रस्त्यांवर आलेली खरी जपानी दोन-सिलिंडर गाडी म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्याने १९८३ पासून बनवलेली राजदूत ३५०. तिच्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

पिस्टन थांबतो तेव्हा काय होते?

पिस्टन वरच्या टोकाला पोचतो, क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो, पुन्हा वर जातो. ९००० फेऱ्यांच्या वेगाला हे सेकंदाला १५० वेळा घडते. थांबवायचे आणि उलटे पळवायचे म्हणजे त्वरण आले, आणि त्वरण आले की बल आले.

हे त्वरण किती असते? क्रँकची त्रिज्या धावेच्या निम्मी, म्हणजे २७ मिलिमीटर. क्रँकचा कोनीय वेग सेकंदाला १५० गुणिले २ पाय, म्हणजे सुमारे ९४२ रेडियन. त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग केला की टोकाजवळचे त्वरण मिळते: सुमारे २४,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ २४५० पट!

आता पिस्टन, त्याच्या कड्या, पिन आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग यांचे मिळून वस्तुमान हिशेबासाठी २०० ग्रॅम धरू. वस्तुमान गुणिले त्वरण केले तर बल ४८०० न्यूटन येते. हे सुमारे ४९० किलोग्रॅम वजनाइतके झाले. संपूर्ण गाडीचे वजन १६० किलोग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका पावकिलोहून हलक्या पिस्टनला थांबवण्यासाठी तीन गाड्यांच्या वजनाइतके बल लागते.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पिस्टनवर जेवढे बल लावावे तेवढेच उलट बल इंजिनाच्या सांगाड्यावर येते. पिस्टन वरच्या टोकाला थांबताना इंजिन वर उचलू पाहते, खालच्या टोकाला खाली दाबले जाते. सांगाड्यातून हेच हादरे हँडलला, पायदानांना आणि चालकाच्या हाडांना पोचतात. नट ढिले होतात, दिव्याच्या तारा तुटतात, पत्र्याला तडे जातात. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हेही विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावे. ९००० ऐवजी ६००० फेरे केले तर वेग दोन तृतीयांश होतो, पण बल नऊपैकी चार भागच उरते. म्हणून सावकाश चालवताना शांत वाटणारी गाडी पळवताच थरथरू लागते.

प्रतिवजनाने भागत का नाही?

यावर पहिला उपाय कोणालाही सुचेल. क्रँकच्या ज्या बाजूला पिस्टन आहे त्याच्या विरुद्ध बाजूला एक वजन लावावे. पिस्टन वर जाईल तेव्हा वजन खाली जाईल आणि तोल साधला जाईल.

पण पिस्टन सरळ रेषेत वरखाली जातो आणि वजन गोल फिरते. पिस्टन मधोमध असताना त्याच्यामुळे वरखाली बल जवळजवळ नसते. त्याच क्षणी वजन मात्र आडवे, पुढे किंवा मागे असते आणि इंजिनाला त्या दिशेने खेचते. वरखालीचा हादरा पूर्ण मारायला जावे तर तेवढाच मोठा पुढेमागे हादरा तयार होतो. म्हणून रचनाकार सामान्यतः सुमारे निम्म्याच बलाची भरपाई करतात. हादरा नाहीसा होत नाही. त्याचा निम्मा भाग उभा राहतो, निम्मा आडवा होतो.

एका सिलिंडरच्या इंजिनात केवळ क्रँकवरच्या प्रतिवजनाने याहून अधिक काही फारसे करता येत नाही. दोन सिलिंडर असले की मात्र एक नवी शक्यता उघडते. दुसऱ्या पिस्टनलाच पहिल्याचे प्रतिवजन करता येईल काय?

एकत्र की आलटूनपालटून?

एका पिस्टननंतर दुसरा पिस्टन वरच्या टोकाला येईपर्यंत क्रँक किती अंश फिरतो, यावरून या रचनांना नावे दिली जातात. दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली जात असतील तर तो ३६० अंशांचा क्रँक. एक वर असताना दुसरा खाली असेल तर तो १८० अंशांचा.

१९३७ साली एडवर्ड टर्नर यांनी रचलेल्या ट्रायम्फ 'स्पीड ट्विन' या ब्रिटिश गाडीत ३६० अंशांचा क्रँक होता. ती इतकी गाजली की पुढची तीसेक वर्षे जवळजवळ सर्व ब्रिटिश दोन-सिलिंडर गाड्यांनी तीच रचना उचलली. होंडाने सीबी ७७ साठी मात्र १८० अंशांचा क्रँक निवडला.

यातला फरक समजण्यासाठी वर्गात एक कृती करावी. काटा असलेला, स्प्रिंगचा घरगुती वजनकाटा आणावा. आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा येथे उपयोगाचा नाही. एका विद्यार्थ्याला त्यावर उभे करून दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक लिटरची बाटली द्यावी. आता त्याने दोन्ही हात एकदम भराभर वरखाली करावेत. काटा मोठे झोके घेईल. नंतर उजवा हात वर जाताना डावा खाली येईल असे हात हलवावेत. काटा जवळजवळ स्थिर होईल. पहिला प्रकार ३६० अंशांचा, दुसरा १८० अंशांचा.

पण इतर विद्यार्थ्यांना काट्याऐवजी त्या मुलाकडे पाहायला सांगावे. दुसऱ्या प्रकारात त्याचे खांदे आणि कंबर डावीकडे-उजवीकडे डोलताना दिसतील. दोन्ही बाटल्यांची बले समान आणि विरुद्ध आहेत, पण ती एका रेषेत नाहीत. अशा जोडीला आपण बलयुग्म म्हणतो. बलयुग्म वस्तूला ढकलत नाही, फिरवू पाहते.

सीबी ७७ मध्ये हेच होते. दोन सिलिंडरांच्या मध्यरेषांत १० सेंटिमीटर अंतर धरले तर ४८०० न्यूटनच्या बलाचे बलयुग्म ४८० न्यूटन-मीटर येते. इंजिन चाकाला ज्या पिळाने फिरवते तो पीळ २८ अश्वशक्ती आणि ९००० फेरे यांवरून काढला तर अवघा २२ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे इंजिनाला डोलवणारे बलयुग्म, प्रतिवजनांचा परिणाम वगळता, उपयुक्त पिळाच्या वीसपटींहून मोठे आहे. दोन सिलिंडर जितके जवळ, तितके हे बलयुग्म लहान. पण सीबी ७७ मध्ये वरच्या कॅमशाफ्टला फिरवणारी साखळी दोन सिलिंडरांच्या मधूनच जाते, म्हणून अंतर एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही.

तरीही हा सौदा फायद्याचा होता. जड आणि रुंद इंजिन स्वतःच्या जडत्वामुळे अशा डोलण्याला बराच विरोध करते, आणि सर्वांत मोठा उभा हादरा तर नाहीसा झालेला असतो. म्हणून ९००० फेरे शक्य झाले.

उरलेल्या कंपनाचे कोडे

वजनकाट्याचा काटा 'जवळजवळ' स्थिर होतो, असे आम्ही म्हटले. इंजिनातही १८० अंशांच्या रचनेत उभा हादरा पूर्ण जात नाही. दोन पिस्टन नेमके विरुद्ध असताना हे कसे? उत्तर पायथागोरसपाशी आहे.

कनेक्टिंग रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट धरू, म्हणजे १०८ मिलिमीटर. पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याचे क्रँकच्या केंद्रापासूनचे अंतर २७ अधिक १०८, म्हणजे १३५ मिलिमीटर. आता क्रँक ९० अंशांतून फिरवू. एक काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याचा कर्ण १०८, एक बाजू २७. दुसरी बाजू म्हणजे १०८ चा वर्ग वजा २७ चा वर्ग याचे वर्गमूळ, ते १०४.६ येते. पिस्टन १३५ वरून १०४.६ वर आला, म्हणजे ३०.४ मिलिमीटर खाली उतरला. पण निम्मी धाव तर २७ मिलिमीटरच आहे! पहिल्या पाव फेरीत पिस्टन ३०.४ मिलिमीटर उतरतो आणि दुसऱ्या पाव फेरीत उरलेले २३.६. तिरका होणारा रॉड पिस्टनला थोडे अधिक खाली ओढतो, हे त्याचे कारण.

आता दोन्ही पिस्टन एकत्र पाहू. सुरुवातीला एक अगदी वर, म्हणजे खोली शून्य. दुसरा अगदी खाली, खोली ५४. सरासरी २७. पाव फेरीनंतर दोघेही ३०.४ वर. सरासरी ३०.४. आणखी पाव फेरीनंतर पुन्हा एक वर, एक खाली, सरासरी २७. म्हणजे दोन पिस्टनांचे मिळून जे वस्तुमानकेंद्र, ते स्थिर नसते. एका फेरीत दोनदा ते ३.४ मिलिमीटर खाली जाते आणि वर येते. याला द्वितीय कंपन म्हणतात, कारण त्याची वारंवारता क्रँकच्या दुप्पट असते.

३६० अंशांच्या इंजिनात हेच वस्तुमानकेंद्र दर फेरीत एकदा संपूर्ण ५४ मिलिमीटर वरखाली होते. ३.४ म्हणजे ५४ चा सुमारे सोळावा भाग. मग हादराही सोळावा भाग व्हायला हवा होता. पण वारंवारता दुप्पट झाली की त्वरण चौपट होते, म्हणून बल सोळाव्याऐवजी चौथा भाग उरते. आमच्या धरलेल्या आकड्यांनुसार ९६०० न्यूटनऐवजी २४०० न्यूटन. हे बल सेकंदाला ३०० वेळा येते, म्हणून दणका न जाणवता बारीक झिणझिण्या जाणवतात. जुन्या १८० अंशांच्या गाड्यांवर लांबचा प्रवास केलेल्यांना हाताच्या बोटांना मुंग्या येण्याचा अनुभव असतो.

ठोक्यांचा ताल

इतके असून ब्रिटिश रचनाकार ३६० अंशांना का चिकटून राहिले? कारण तोलाखेरीज आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे स्फोटांमधले अंतर.

चार-धाव इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकच स्फोट होतो. ३६० अंशांच्या क्रँकमध्ये एका सिलिंडरचा स्फोट एका फेरीला आणि दुसऱ्याचा पुढच्या फेरीला होतो. उखळात दोघी जणी आलटूनपालटून मुसळ घालताना जसा एकसारखा ताल लागतो, तसा ३६०-३६०, ३६०-३६० असा ताल लागतो. शिवाय इंधन-हवेचे मिश्रणही समान अंतराने ओढले जाते, त्यामुळे एकच कार्ब्युरेटर दोन्ही सिलिंडरांना पुरतो.

१८० अंशांच्या क्रँकमध्ये पहिल्या स्फोटानंतर १८० अंशांवर दुसरा होतो, आणि मग ५४० अंश शांतता. एकीचे मुसळ पडते न पडते तोच दुसरीचे पडते, आणि मग दोघी थांबतात. कमी वेगाला हा लंगडा ताल चाकापर्यंत जाणवतो. मिश्रणाची मागणीही अशीच घाईगर्दीने आणि मग बराच वेळ नाही अशी येते. म्हणून सीबी ७७ ला दोन स्वतंत्र कार्ब्युरेटर दिलेले होते. होंडाला हे पुरते ठाऊक होते. तेवढ्याच ३०५ घनसेंमीच्या 'ड्रीम' या शांतपणे चालवायच्या प्रवासी गाडीत तिने ३६० अंशांचाच क्रँक ठेवला. एकाच कंपनीने, एकाच काळात, एकाच मापाच्या इंजिनाला दोन उत्तरे दिली. प्रश्न 'उत्तम कोणते' असा नव्हता, तर 'कशासाठी' असा होता.

आता राजदूत ३५० कडे वळू. ही यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. तिच्या ३४७ घनसेंमीच्या इंजिनात दोन सिलिंडर आणि १८० अंशांचा क्रँक होता. पण तिच्या आवाजात लंगडेपणा नव्हता. का? ती दोन-धाव इंजिनाची गाडी होती. दोन-धाव इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर फेरीला स्फोट होतो. म्हणून एकाचा ० अंशाला, दुसऱ्याचा १८० अंशांना, पुन्हा पहिल्याचा ३६० अंशांना, असा ताल अगदी एकसारखा लागतो. पिस्टनांचा तोल आणि स्फोटांचा ताल अशा दोन्ही गोष्टी १८० अंशांतच साधतात. चार-धाव इंजिनात ज्या दोन गुणांमध्ये निवड करावी लागते, ते दोन-धाव इंजिनात एकत्र मिळतात. त्याची किंमत इंधनाचा खप आणि धूर या रूपाने चुकवावी लागते, ही वेगळी गोष्ट.

वळणे आणि माघारी

यानंतरचा इतिहास सरळ रेषेत गेला नाही, आणि विद्यार्थ्यांना तो सांगण्याजोगा आहे. यामाहाने १९६९ च्या अखेरीस आणलेल्या ६५३ घनसेंमीच्या एक्सएस ६५० मध्ये ब्रिटिश पद्धतीचा ३६० अंशांचा क्रँक होता. गाडी मजबूत आणि लोकप्रिय, पण हादरे देणारी. १९७२ मध्ये त्याच कंपनीने टीएक्स ७५० मध्ये साखळीने फिरणारी तोलवजने बसवली. हादरे खरोखरच कमी झाले. पण वेगात ही वजने खालच्या तेलात रवीसारखी फिरून तेल घुसळू लागली, तेलाचा फेस झाला आणि बेअरिंगांना पुरेसे तेल मिळेनासे झाले. गाडी लवकरच बंद करावी लागली. एक दोष घालवताना दुसरा कोठे उगवेल हे कागदावर नेहमी दिसत नाही.

तोलवजनांची कल्पना मात्र बरोबर होती. बाटल्या घेतलेल्या विद्यार्थ्याला आता दोन्ही हात, एक डाव्या दिशेने आणि एक उजव्या दिशेने, असे समोर गोल फिरवायला सांगा. दोन्ही हात एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली येऊ द्या. बाजूंचे झोके एकमेकांना मारतात आणि केवळ वरखालीचा झोका उरतो. क्रँकवरचे प्रतिवजन हा एक हात आणि उलट दिशेने फिरणारा तोलदांडा हा दुसरा हात. हा उरलेला झोका पिस्टनांच्या झोक्याविरुद्ध लावला की क्रँकच्या वारंवारतेचा हादरा जवळजवळ संपतो. १९७७ साली आलेल्या सीबी ४०० टी या गाडीत खुद्द होंडानेच १८० अंश सोडून ३६० अंशांचा क्रँक घेतला आणि जोडीला दोन तोलदांडे बसवले. तोल साधायला वेगळे साधन मिळाले, तेव्हा एकसारखा ताल परत घेता आला.

तिसरे उत्तर २७० अंशांचे. यात दोन क्रँक एकमेकांशी काटकोन करतात. मगाचेच हिशेब पुन्हा करू. एक पिस्टन वर, खोली ०, तेव्हा दुसरा ३०.४ वर. सरासरी १५.२. क्रँक ४५-४५ अंशांनी पुढे नेत गेलो तर सरासरी खोली अनुक्रमे १५.२, २८.७, ४२.२, ४७.८, ४२.२, २८.७, १५.२ आणि ९.६ मिलिमीटर येते. मधला बिंदू २८.७. त्यापासून वर १९.१ आणि खाली १९.१. म्हणजे वस्तुमानकेंद्र अगदी समतोलपणे झोके घेते. हे शुद्ध सरल आवर्त आंदोलन आहे, त्यात द्वितीय कंपन उरलेलेच नाही! एका पिस्टनचे जास्तीचे उतरणे दुसऱ्याच्या कमी उतरण्याने नेमके भरून निघते. जे आंदोलन उरते ते क्रँकच्याच वारंवारतेचे असल्याने एका तोलदांड्याने त्याचा बराच बंदोबस्त करता येतो.

आणखी एक लाभ आहे. १८० आणि ३६० अंशांच्या दोन्ही रचनांत दोन्ही पिस्टन एकाच क्षणी थांबतात, आणि त्यांची गतिज ऊर्जा क्रँकला परत घ्यावी लागते व पुन्हा द्यावी लागते. त्यामुळे क्रँकचा वेग प्रत्येक फेरीत कमीजास्त होतो. २७० अंशांत एक थांबतो तेव्हा दुसरा जवळजवळ पूर्ण वेगात असतो. ज्या-वर्ग अधिक कोज्या-वर्ग बरोबर एक, हे त्रिकोणमितीतले सूत्र येथे इंजिनात बसलेले दिसते. ताल मात्र असमान, २७० आणि ४५० अंशांचा.

यामाहाने ही रचना १९९५ साली टीआरएक्स ८५० मध्ये वापरली. नंतर ती इतरांनीही स्वीकारली. २०१८ साली चेन्नईच्या रॉयल एनफिल्डने आणलेल्या ६५० घनसेंमीच्या 'इंटरसेप्टर' या दोन-सिलिंडर गाडीतही २७० अंशांचा क्रँक आणि तोलदांडा आहे. ट्रायम्फच्या नव्या बॉनव्हिल गाड्यांनीही आपल्या जुन्या ३६० अंशांना निरोप दिला आहे.

वर्गासाठी काही कामे

१. जाड पुठ्ठ्याची चकती, पुठ्ठ्याची पट्टी आणि टाचण्या वापरून क्रँक, रॉड आणि पिस्टनची प्रतिकृती करावी. चकती ३०-३० अंशांनी फिरवून पिस्टनची खोली मोजावी आणि आलेख काढावा. तो कोज्येच्या आलेखाहून कोठे वेगळा पडतो ते पाहावे.

२. रॉडची लांबी त्रिज्येच्या चौपटीऐवजी सहापट घेतली तर पाव फेरीत पिस्टन किती उतरेल? द्वितीय कंपन वाढेल की कमी होईल? मग रचनाकार रॉड वाटेल तेवढा लांब का करत नाहीत?

३. तीन सिलिंडरांच्या चार-धाव इंजिनात क्रँक १२० अंशांवर ठेवले तर स्फोटांमधले अंतर किती? ते समान येते काय?

४. सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षेकडे पाहावे. एका सिलिंडरचे इंजिन मंद फिरत असताना तिचे आरसे जोरात थरथरतात. गती वाढली की काही वेळा आरशातली थरथर उलट कमी होते. बल तर वेगाच्या वर्गाने वाढते, मग असे का व्हावे? आरशाच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेचा विचार करावा.

पिर्सिग यांच्या प्रवासात त्यांच्या सोबतीला असलेले जोडपे बीएमडब्ल्यू गाडीवर होते. तिचे दोन सिलिंडर शेजारीशेजारी नसून डावीकडे आणि उजवीकडे आडवे पसरलेले असतात, आणि दोन्ही पिस्टन एकदम बाहेर आणि एकदम आत जातात. त्या रचनेत वस्तुमानकेंद्राचे काय होईल, द्वितीय कंपन उरेल काय, आणि दोन सिलिंडर किंचित मागेपुढे असल्याने कोणते बलयुग्म तयार होईल? या लेखातील आकडे हाताशी घेऊन विद्यार्थ्यांनी हे स्वतः सोडवावे. त्यासाठी गाडी उघडायची गरज नाही. कागद, पेन्सिल आणि दोन बाटल्या पुरतील.